तुंबा, आरे आणि मंगळवारचे फोन

ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइन आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या, व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध लिहून द्यायचे असेल, तर अमेरिकेतील डॉक्टरला अनेक वर्षे आठ तासांचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम करावा लागे. तो पूर्ण झाला की केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण खात्याकडून 'एक्स' या अक्षराने सुरू होणारा एक जादा क्रमांक मिळत असे. गंमत अशी की, ज्या ऑक्सिकोडोनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी या देशात व्यसनाची लाट आणली, त्या लिहून द्यायला असला कोणताही जादा क्रमांक लागत नव्हता. मी तो अभ्यासक्रम २०१० साली पूर्ण केला. क्रमांकाचे पत्र आले, ते मी टेबलाच्या वरच्या खणात ठेवले, आणि पुढील तीन वर्षांत त्या क्रमांकावर मी एकूण चार रुग्णांना औषध दिले. कायद्याने पहिल्या वर्षी तीस आणि त्यानंतर शंभर रुग्णांची मुभा होती. मर्यादा कायद्याची नव्हती, माझी होती.

मी व्हरमाँटच्या ईशान्य भागातील एका छोट्या गावात कुटुंब-डॉक्टर म्हणून काम करतो. हे राज्य आकाराने पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून थोडे मोठे असले, तरी तेथील वस्ती साडेसहा लाखांच्या आत आहे, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या वस्तीहून काहीशीच अधिक. राज्यातील निम्म्याहून अधिक रस्ते अजूनही कच्चे आहेत. अशा ठिकाणी डॉक्टर एकटा असतो, आणि एकटेपणाचा पहिला बळी ठरतात ते ज्यांना वेळ फार लागतो असे रुग्ण. ब्युप्रेनॉर्फिन सुरू करायचे म्हणजे रुग्णाला आधी बारा ते चोवीस तास हेरॉइनविना थांबायला सांगायचे, तो थरथरत, जांभया देत, अंगावर काटा आलेला असा सकाळी दवाखान्यात येणार, त्याची नाडी, घाम, बाहुल्या, नाक वाहणे अशा अकरा लक्षणांना गुण देऊन मगच पहिला डोस जिभेखाली ठेवायचा, आणि मग तास-दोन तास त्याच्यावर लक्ष ठेवायचे. बाहेर खोकल्याची आणि मधुमेहाची मंडळी ताटकळलेली. त्यानंतर विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीचे फॅक्स, औषध ठेवायला नाखूश असलेला औषधविक्रेता, लघवीच्या तपासण्या, चुकलेल्या भेटी. समुपदेशन व्हायला हवे असे नियमात लिहिलेले होते, पण समुपदेशक चाळीस मैलांवर होता आणि त्याच्याकडे जागा नव्हती. चौथ्या रुग्णानंतर मी स्वागतकक्षात सांगून ठेवले की नवे घेऊ नका.

त्या चौघांपैकी एकाला मी काढून टाकले. तो लाकूड कापण्याचे काम करी, ओंडका पाठीवर पडून मणका दुखावला तेव्हापासून गोळ्या आणि गोळ्या महागल्यावर हेरॉइन, असा त्याचा नेहमीचा प्रवास होता. औषधाने तो बरा चालला होता, पण तो दोन भेटींना आला नाही, तिसऱ्या भेटीत लघवीत कोकेन सापडले, आणि मी त्याच्याकडून सही करून घेतलेल्या करारनाम्यावर बोट ठेवून सांगितले की, मला यापुढे तुम्हाला औषध देता येणार नाही. त्याने वाद घातला नाही. टोपी घातली आणि गेला. पुढच्या वर्षी गावच्या वर्तमानपत्रातील निधनवार्तेत त्याचा फोटो होता आणि खाली 'राहत्या घरी अनपेक्षितपणे' असे छापले होते. त्या काळात तरुण माणसाच्या बाबतीत या शब्दांचा अर्थ काय, हे येथे सर्वांना ठाऊक असे. करारनामा मी लिहिला होता, त्यातील भाषा माझी होती. मधुमेह्याने पेढा खाल्ला म्हणून मी आजवर कोणाचे इन्शुलिन बंद केलेले नाही, हे मला त्या दिवशी उमगले, आणि ते उमगायला इतका उशीर का लागला याचा विचार करताना मी मुंबईपर्यंत मागे गेलो.

एमबीबीएसनंतरची इंटर्नशिप मी १९९० च्या दशकात मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात केली. तेव्हा ब्राउन शुगरला सगळे 'गर्द' म्हणत, आणि ती ओढणारा तो 'गर्दुल्ला'. मराठीत हा शब्द रोगाचे नाव म्हणून कधी आलाच नाही, तो थेट शिवी म्हणूनच आला. नशा न मिळाल्याने पोटात पेटके, उलट्या, हाडे फुटल्यासारखी वेदना घेऊन असा कोणी अपघात विभागात आला की 'टर्की लागलीय, पडू दे तिकडे' असे म्हटले जाई, आणि मीही ते म्हटलेले आहे. माझ्याबरोबर समुद्र ओलांडून आलेल्या सामानात स्टेथोस्कोपबरोबर ही समजूतही होती. व्हरमाँटमधल्या माझ्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या सामानातही ती वेगळ्या भाषेत होतीच, हे नंतर कळले.

ही समजूत साध्या शब्दांत अशी असते की, 'एक नशा सोडवून दुसरी लावता.' मिरजेला राहणारी माझी धाकटी बहीण आजही फोनवर हेच विचारते, आणि तिला मी दर वेळी तेच सांगतो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतील त्याच जागी जाऊन बसते जेथे हेरॉइन बसते, पण ते तेथे अर्धेमुर्धेच काम करते. एका पातळीनंतर डोस वाढवला तरी परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास थांबण्याचा धोका बराच कमी राहतो. शिवाय ते त्या जागेला इतके घट्ट धरून बसते की वरून हेरॉइन घेतले तरी त्याला फारशी जागा मिळत नाही. मेथाडोन हे याच उपचारातले जुने औषध पूर्ण ताकदीचे असते, मात्र हळू चढते आणि हळू उतरते, म्हणून दिवसातून एकदा पुरते. दोन्हींमुळे माणूस चढलेला राहत नाही आणि टर्कीतही राहत नाही. तो कामावर जाऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी १९६५ साली मेथाडोनचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले, म्हणजे हे ज्ञान माझ्याहून वयाने मोठे आहे. २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून मांडलेले आकडे मी तोंडपाठ केले आहेत: मेथाडोनवर असताना हजार माणसांमागे वर्षाला अकरा मृत्यू, आणि तेच औषध सुटल्यावर छत्तीस. असा फरक पाडणारी औषधे माझ्या कपाटात फार नाहीत. 'दादा, पण किती दिवस घ्यायचे?' असे बहीण विचारते. थायरॉइडची गोळी ती स्वतः गेली एकोणीस वर्षे घेते आहे, पण ते मी तिला तोंडावर म्हणत नाही.

व्हरमाँटने हे औषध स्वीकारायला वेळ घेतला. हॉवर्ड डीन हे स्वतः डॉक्टर असलेले गव्हर्नर, पण मेथाडोनला त्यांचा ठाम विरोध होता. राज्यातील पहिले मेथाडोन केंद्र बर्लिंग्टनजवळ २००२ साली सुरू झाले, आणि तोवर येथील माणसे डोससाठी शेजारच्या राज्यांत गाडी हाकत जात. ब्युप्रेनॉर्फिनलाही केंद्र सरकारची मान्यता त्याच वर्षी मिळाली. पुढच्या दहा वर्षांत व्यसन गावोगाव पसरले, केंद्रांवरच्या प्रतीक्षायाद्या शेकड्यांत गेल्या, काहींना वर्षभराहून अधिक थांबावे लागे. ८ जानेवारी २०१४ रोजी गव्हर्नर पीटर शमलिन यांनी विधिमंडळासमोरचे आपले वार्षिक भाषण जवळजवळ संपूर्णपणे या एकाच विषयावर केले. रस्ते, शाळा, कर हे सगळे बाजूला ठेवून त्यांनी सांगितले की, कैद्याला आठवडाभर तुरुंगात ठेवायला राज्याला सुमारे ११२० डॉलर लागतात आणि उपचाराला १२३. देशभरातील वर्तमानपत्रांनी त्या भाषणाची दखल घेतली. माझ्या दृष्टीने मात्र त्याआधीच, २०१३ पासून, टप्प्याटप्प्याने राबवली जाऊ लागलेली एक योजना अधिक महत्त्वाची होती, कारण भाषणाने माझे टेबल हलले नाही, योजनेने हलले.

तिला येथे 'हब अँड स्पोक' म्हणतात. मराठी माणसाला हे समजावून सांगायला इंग्रजीची गरज नाही. बैलगाडीचे चाक आठवावे: मधोमध जाडजूड तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारी लोखंडी धाव. राज्यात मोजकीच विशेष केंद्रे म्हणजे तुंबे, येथल्या भाषेत हब. तेथे मेथाडोन मिळते, ब्युप्रेनॉर्फिन मिळते, रोज सकाळी खिडकीवर परिचारिकेसमोर डोस घ्यायची सोय असते, व्यसनावरचे तज्ज्ञ असतात. आणि आरे म्हणजे आमच्यासारखे गावोगावचे दवाखाने, प्रसूतितज्ज्ञ, वेदना-उपचार केंद्रे, जे ब्युप्रेनॉर्फिन लिहून देतात. बर्लिंग्टनचे डॉक्टर जॉन ब्रुकलिन हे या रचनेच्या शिल्पकारांपैकी एक. नव्या रुग्णाला एक प्रश्नावली दिली जाते: घर आहे का, गाडी आहे का, सुईने घेता का, दारू किती, घरात आणखी कोणी घेते का. उत्तरांवरून त्याने तुंब्याशी सुरुवात करावी की आऱ्यावर, हे ठरते. पण यात निर्णायक गोष्ट ही की, आऱ्यावरचा रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. हबमध्ये स्थिरावलेला माणूस आपल्या गावच्या डॉक्टरकडे येतो, आणि गावात घसरलेला माणूस हबकडे परत जातो. मधल्या मध्ये कोणी रस्त्यावर पडत नाही, किंवा निदान पडू नये अशी रचना असते. माझ्या लाकूडतोड्याला मी जेव्हा काढून टाकले, तेव्हा त्याला पाठवायला माझ्याजवळ दुसरी जागाच नव्हती. दंडाचा तो करारनामा माझ्या कठोरपणातून जितका आला होता, तितकाच या अडचणीतूनही आला होता. स्वतःला सूट देण्यासाठी हे सांगत नाही, क्रम सांगतो आहे.

आता धावेविषयी, म्हणजे पैशाविषयी. येथे अनेक योजना येतात, कागदावर चाके काढतात आणि जातात. ही टिकली याचे मुख्य कारण मला तिच्या हिशेबात दिसते. मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यावर असलेल्या दर शंभर ओपिऑइड-रुग्णांमागे एक पूर्णवेळ परिचारिका आणि एक पूर्णवेळ परवानाधारक समुपदेशक, असे प्रमाण राज्याने ठरवले, आणि त्यांचा पगार दवाखान्याने बिले फाडून मिळवायचा नाही, राज्याने थेट द्यायचा, असेही ठरवले. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यात दीर्घ आजारांसाठी एक तरतूद होती, जिच्याखाली अशा सेवांचा नव्वद टक्के खर्च पहिली दोन वर्षे केंद्र सरकार उचलत असे. व्हरमाँटने व्यसन हाही दीर्घ आजार आहे असे म्हणत ती तरतूद वापरली. शिवाय 'ब्ल्यूप्रिंट फॉर हेल्थ' या राज्याच्या जुन्या कार्यक्रमामुळे मधुमेह-दम्यासाठी दवाखान्यांतून राज्याच्या पगारावरची पथके आधीपासून फिरत होती, त्याच वाटेने ही नवी माणसे आली. रुग्णाला या सेवेचा वेगळा खर्च नाही, मला पूर्वमंजुरीचा अर्ज नाही. परिचारिकेने अर्धा तास फोनवर घालवला तर त्या अर्ध्या तासाचे बिल कोणाच्या नावे करायचे, हा अमेरिकी आरोग्यव्यवस्थेतील छळवादी प्रश्न येथे उद्भवतच नाही. ज्यांनी या देशात दवाखाना चालवला आहे, त्यांनाच या वाक्याचा आनंद कळेल.

आमच्याकडे २०१४ च्या वसंतात एक परिचारिका आली. वयाने माझ्याएवढीच, आधी शस्त्रक्रिया विभागात वीस वर्षे काढलेली, बोलायला थोडी खरखरीत. पहिल्याच आठवड्यात तिने माझा करारनामा वाचला आणि विचारले, 'हे तुम्ही रुग्णासाठी लिहिले आहे की वकिलासाठी?' त्यानंतर तिने एक वही काढली. वहीत प्रत्येक रुग्णाचे नाव, डोस, कोणत्या दिवशी औषध संपणार, गाडी कोणाची, फोन बंद झाला तर कोणाला करायचा, हे सारे तिच्या बारीक अक्षरात. संगणकातही ते असायचे, पण तिचा विश्वास वहीवर. दर मंगळवारी सकाळी साडेआठ ते दहा ती फोन करी. भेट चुकलेल्यांना, चुकण्याच्या बेतात असलेल्यांना, आणि ज्यांचे सगळे ठीक चालले आहे अशांनाही. 'ठीक चाललेल्यांना कशाला?' असे मी एकदा विचारले, तेव्हा तिने उत्तर दिले की, नुसत्या वाईट वेळीच फोन येणार असेल, तर माणसे फोन उचलत नाहीत.

येथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून कच्चे रस्ते गुडघाभर चिखलाचे होतात. त्या पंधरवड्यांना येथे चक्क 'चिखलाचा मोसम' म्हणतात. तिच्या दुसऱ्या वर्षी त्या मोसमात एक बाई दोन भेटींना आली नाही. जुन्या हिशेबाने दोन भेटी म्हणजे तांबडा शेरा. मंगळवारच्या फोनवर कळले की त्यांचा रस्ता गावपंचायतीने जड वाहनांना बंद केला आहे, शाळेची बस मुलांना वरच्या नाक्यावर सोडते, नवऱ्याची गाडी आसापर्यंत रुतली आहे, आणि जिभेखाली ठेवायच्या पट्ट्या गुरुवारी संपणार आहेत. परिचारिकेने औषधविक्रेत्याशी बोलून आठवड्याचा साठा तयार करवला आणि टपाल पोहोचवणाऱ्याच्या ओळखीतील एकाच्या उंच चाकांच्या गाडीतून त्या बाईंना नाक्यापासून दुकानापर्यंत आणले. यात वैद्यकशास्त्र काहीच नाही. माझी सही तेवढी लागली. त्या बाई आज एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहेत. (येथील सर्व रुग्णांचे ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

समुपदेशकाचे काम मला समजायला अधिक वेळ लागला, कारण तो फारसे काही करताना दिसत नसे. तो दवाखान्यातल्या लहानशा खोलीत बसे, लोक जाता-येता डोकावत. 'समुपदेशनाला या, नाहीतर औषध बंद' ही अट आम्ही काढून टाकल्यावर त्याच्याकडे येणारे वाढले, हे मी नोंदवून ठेवतो.

दोनच वर्षांत माझे चार रुग्ण बेचाळीस झाले. मी एकाएकी सज्जन झालो नव्हतो. सकाळची ती जांभया आणि काट्यांची मोजणी आता परिचारिका करत होती, मी शेजारच्या खोलीत मधुमेह पाहत होतो, आणि दर अर्ध्या तासाने डोकावत होतो. राज्यभर हेच घडले. या रचनेचा आढावा डॉक्टर ब्रुकलिन आणि स्टेसी सिग्मन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला, त्यानुसार ब्युप्रेनॉर्फिनची मुभा असलेल्या डॉक्टरांची संख्या ६४ टक्क्यांनी वाढली, आणि प्रत्येक डॉक्टरमागे उपचार घेणाऱ्यांची संख्या ५० टक्क्यांनी. मला या दोन आकड्यांपैकी दुसरा महत्त्वाचा वाटतो. क्रमांक खणात ठेवून बसलेले माझ्यासारखे पुष्कळ होते, त्यांचे खण उघडले. बर्लिंग्टनच्या परिसरातील प्रतीक्षायादी २०१७ च्या सप्टेंबरात संपली.

प्रतीक्षायादीत थांबलेल्यांचे काय होते, हेही सिग्मन यांनीच एका छोट्या, पण मनातून न जाणाऱ्या अभ्यासात दाखवले होते. यादीतल्या पन्नास जणांपैकी निम्म्यांना नुसते थांबायला सांगितले, निम्म्यांना कुलूपबंद संगणकीय डबीतून ब्युप्रेनॉर्फिन घरी दिले आणि रोज फोनवर यांत्रिक आवाजात चौकशी केली. बारा आठवड्यांनी औषधवाल्या गटातील ६८ टक्के लोकांच्या लघवीत बेकायदा ओपिऑइड नव्हते. थांबलेल्यांपैकी एकाचेही नमुने स्वच्छ नव्हते. शून्य. यादी म्हणजे तटस्थ जागा नव्हे.

चाकाची ही कल्पना पुढे कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी आपापल्या पद्धतीने उचलली. चाकाला नवे आरेही जोडले गेले. येल विद्यापीठात २०१५ साली दिसले की, अपघात विभागातच ब्युप्रेनॉर्फिन सुरू करून पुढच्या दवाखान्याशी गाठ घालून दिली तर महिन्याभराने ७८ टक्के लोक उपचारांत असतात, आणि हातात नुसती पत्त्यांची यादी दिली तर ३७ टक्के. ऱ्होड आयलंडने २०१६ साली तुरुंगांत मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन ही तिन्ही औषधे सुरू केली आणि सुटकेनंतरचे अतिमात्रेचे मृत्यू पहिल्याच वर्षात ६१ टक्क्यांनी घटले. व्हरमाँटच्या तुरुंगांना त्यासाठी २०१८ चा कायदा लागला.

आणि मग २०२२ च्या डिसेंबरात तो एक्स क्रमांकच रद्द झाला. आता कोणताही नेहमीचा परवाना असलेला डॉक्टर हे औषध लिहून देऊ शकतो. मी खणातले पत्र फाडून टाकले आणि सहकाऱ्यांना केक खाऊ घातला. पण त्यानंतरच्या पाहण्यांत दिसले की, औषध लिहून देणारे काहीसे वाढले, घेणारे मात्र देशभरात जवळजवळ तितकेच राहिले. मला याचे अजिबात आश्चर्य वाटले नाही. कायद्याची कडी काढली म्हणून दार उघडत नाही, कोणीतरी आतून ओढावे लागते, आणि आतला माणूस एकटा असला तर तो कडी नसतानाही दार लावून घेतो. मी तीन वर्षे तेच केले होते.

चाकाने सगळे भागले, असे मी म्हणणार नाही. हेरॉइनची जागा फेंटॅनिल या त्याहून कितीतरी जहाल कृत्रिम ओपिऑइडने घेतल्यापासून हिशेब बदलला. व्हरमाँटमधील ओपिऑइड-मृत्यू २०१९ च्या तुलनेत २०२२ साली सुमारे दुप्पट झाले होते, आणि ते उपचारांची क्षमता देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांपैकी एकात. फेंटॅनिल शरीरातील चरबीत मुरते, त्यामुळे बारा तास थांबूनही पहिल्या डोसने माणूस एकदम तीव्र टर्कीत जाऊ शकतो. असे एकदा झाले की तो या औषधाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. आम्ही आता अगदी कणभर डोसाने सुरुवात करून आठवडाभरात वाढवत नेण्याची पद्धत वापरतो, आणि तिला परिचारिकेचे रोजचे फोन लागतात. काहींना ब्युप्रेनॉर्फिन पुरतच नाही, त्यांना मेथाडोन हवे, आणि मेथाडोन माझ्या हातात नाही. व्यसनासाठीचे मेथाडोन केंद्रीय कायद्याने आजही फक्त विशेष केंद्रांतच मिळते. तेच मेथाडोन वेदनेसाठी मी आज दुपारी लिहून देऊ शकतो. या कायद्याच्या पोटात अजूनही तो जुना 'गर्दुल्ला' बसलेला आहे, असे माझे मत आहे.

भारतात याच धर्तीवर काय चालते, असे मला वाचकांकडून विचारले जाते, म्हणून थोडक्यात. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार ओपिऑइडच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत. एड्स-नियंत्रण कार्यक्रमाखालील केंद्रांतून जिभेखालचे ब्युप्रेनॉर्फिन मिळते, त्यांत मुंबईही आहे. सर्वांत मोठी उडी पंजाबची: तेथे २०१७ च्या ऑक्टोबरात मोगा, तरनतारन आणि अमृतसरपासून सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांचे जाळे सुरू झाले आणि कोविडच्या टाळेबंदीत गोळ्या घरी द्यायची मुभा मिळाल्यावर तेथील गर्दी एकदम वाढली. ती गर्दी व्यसनाची नव्हे, उपचाराची होती, हे त्या वेळच्या बातम्या वाचताना पुष्कळांच्या लक्षात आले नाही. महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटले की डोळ्यांसमोर निवासी केंद्र येते, आणि त्या परंपरेने, पुण्याच्या मुक्तांगणाने तर १९८६ पासून, असंख्य घरे सावरली आहेत. मात्र ओपिऑइडच्या बाबतीत निवासी केंद्रातून औषधाविना घरी परतलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीच्याच मात्रेने त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून घराजवळचा आरा हवा, एवढेच मी बहिणीला सांगतो.

मेथाडोनच्या बाबतीत एक बरी गोष्ट २०२४ साली झाली. केंद्राच्या नव्या नियमांनुसार उपचार सुरू होऊन महिना उलटलेल्या रुग्णाला हब अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाटल्या घरी देऊ शकते. माझा एक रुग्ण, जो आऱ्यावर दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा आम्ही ज्याला काढून न टाकता सेंट जॉन्सबरीच्या हबकडे पाठवला, तो सहा वर्षे रोज पहाटे साडेचारला उठून, उणे वीस अंशांतही, पाऊण तास गाडी हाकत खिडकीवर जात असे आणि सातच्या पाळीला परत गिरणीत हजर असे. मागच्या हिवाळ्यात तो रक्तदाब दाखवायला आला तेव्हा गाडीत शेजारच्या सीटवर कुलूप लावलेली पत्र्याची पेटी होती, आणि तिला त्याने सीटचा पट्टा लावला होता.

आमची परिचारिका गेल्या शरदात निवृत्त झाली. तिची जागा भरायची जाहिरात सात महिने चालू आहे. राज्याच्या पगारावर या डोंगराळ भागात यायला कोणी तयार होत नाही, घरभाडी वाढली आहेत, आणि दोन उमेदवारांनी मुलाखतीनंतर नकार कळवला. समुपदेशक आता तीन दवाखान्यांत मिळून एक आहे. वही तिने माझ्या टेबलावर ठेवली, शेवटच्या पानावर तिच्याच बारीक अक्षरात कोणाला सकाळी फोन करू नये याची यादी आहे, कारण ते रात्रपाळी करतात. मंगळवारी साडेआठ ते दहा मी रुग्ण घेत नाही, तो वेळ फोनचा. काल अकरा जणांना केले, सात जणांनी उचलले, आणि एकाने विचारले, 'डॉक्टर, तुम्ही का करताय, ती बरी आहे ना?'